नखरोगमुक्त डाईंग खातं

सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड मिलमध्ये, डाईंग खात्यात, गमबूट हे माणसाचे नसून पदाचे असतात. दिवसपाळीच्या माणसाने काढले की रातपाळीचा माणूस त्यात पाय घालतो, सकाळी उलट. पदाला सुट्टी नसल्यामुळे बूट कधी वाळत नाहीत. आत मागच्याचा घाम आणि मशीनमधून सांडलेलं रंगाचं पाणी असतं. ते कोमट असल्याने थंडीत त्याला सोय म्हणतात.

अशा बुटांत वर्षानुवर्षं उभं राहून माझे पप्पा, सुकलाल, यांच्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड आणि ठिसूळ झालं. आईने आधी हळद लावली, मग शेजारणीने सांगितली म्हणून टूथपेस्ट. नखाने दोन्ही पचवलं. शेवटी मी त्यांना ओढत सरकारी दवाखान्यात नेलं.

"बुरशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे औषध उघड्या नखावर लावायचं. खालून नवीन नख येईपर्यंत, म्हणजे वर्षभर धरा. मध्येच सोडायचं नाही. पाय कोरडे ठेवा, दुसऱ्याचे बूट घालू नका, आणि घरात सगळ्यांना मिळून एकच नेलकटर नको."

आईने त्याच संध्याकाळी पप्पांचं नेलकटर वेगळं केलं. ती चौथी पास आहे, त्यामुळे तिला समिती नेमावी लागली नाही.

पप्पांनी सुपरवायझरला विचारलं, "धर्मेंद्रभाई, मला वेगळे बूट मिळतील का?"

धर्मेंद्रभाई गंभीर झाले. "सुकलालभाई, आज तुम्ही मागता. उद्या बाकीचे मागतील."

"त्यांना पण पाहिजेतच, साहेब."

"बराबर! हीच तर भीती आहे."

तरीही प्रश्न आरोग्याचा होता, म्हणून मिलने 'पादनख सुरक्षा समिती' स्थापन केली. समितीत एसीत बसणारे, कोरडे मोजे घालणारेच लोक घेतले, कारण निर्णय निःपक्षपाती हवा. त्यांनी सखोल विचार केला, समोसे खाल्ले आणि निष्कर्ष काढला: बुरशी नखात असते, नखं कामगारांना असतात, सबब, बुरशी कामगार आणतात. बुटांना नखं नसल्यामुळे ते निर्दोष सुटले. आता दर सोमवारी गेटवर पाय तपासले जाणार होते. ज्याचं नख खराब, तो बरा होईपर्यंत घरी. बिनपगारी, अर्थात. आजाराला उत्तेजन देणं मिलच्या धोरणात बसत नाही.

वर्षभर घरी! पप्पांचं मशीन त्यांची वर्षभर वाट बघणार होतं थोडंच? दुसऱ्याच दिवशी तिथे नवा माणूस उभा राहिला असता. त्याच बुटांत.

भेस्तानला आमच्या गल्लीत शोभाबाईंचं ब्युटी पार्लर आहे. रविवारी तिथे मिशीवाल्या पुरुषांची रांग लागली.

"दादा, कोणता शेड लावू?" शोभाबाईंनी विचारलं.

"नखासारखाच," पप्पा फरशीकडे बघत म्हणाले.

"लाजता काय? तुमच्याआधी अर्धं खातं येऊन गेलं."

मला राहवेना. "पप्पा, औषध उघड्या नखावर लावायचंय! नेलपॉलिश लावलं की आत बुरशीची मजाच मजा."

पप्पा सरळ अहिराणीवर आले. "नख दिसनं तं काम जाई. मंग औषध काय तू आनशी, पोरी?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते समितीला द्यायचं होतं. आणि समिती शाळकरी मुलींकडून सूचना स्वीकारत नव्हती.

सोमवारी गेटवर नखांची नुसती झगमग. समितीला भरून आलं. अडकले फक्त पप्पांच्याच खात्यातले उखाकाका. त्यांची नखं खरोखरच निरोगी होती, म्हणून त्यांनी काहीच लावलं नव्हतं.

"तुमची चमकत का नाहीत?"

"नखं हायेत ती साहेब, आरसे नाहीत!"

"मग बाकी सगळ्यांची कशी चमकतात?"

बहुमताच्या विरोधात गेलेलं नख संशयास्पद ठरलं आणि उखाकाकांना घरी पाठवलं. ते शोभाबाईंकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत बरे होऊन कामावर रुजू झाले.

खात्यावर बॅनर लागला: 'नखरोगमुक्त विभाग'. इतर मिलचे मॅनेजर अभ्यासदौऱ्यावर आले, बॅनरखाली फोटो काढून गेले. बूट तेच, ओले. यथावकाश उखाकाकांचं निरोगी नखही पिवळं पडलं. पण वर पॉलिश असल्याने ही गोष्ट समितीला कळली नाही आणि त्यांनाही उशिराच कळली.

दिवाळीच्या तोंडावर पप्पांचं नख बुटातच गळून पडलं. समितीने अंगठा वरून, खालून, बाजूने तपासला. नखच नाही, म्हणजे खराब नखही नाही! पप्पांना स्टेजवर बोलावलं, 'संपूर्ण रोगमुक्त कामगार' म्हणून हार घातला आणि बक्षीस म्हणून नेलकटर दिलं. धर्मेंद्रभाईंनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

"दुखतंय का?" घरी आल्यावर मी विचारलं.

"काम चालू शे ना," पप्पा म्हणाले आणि अंगठ्याला चिकटलेला मोजा हळूहळू सोडवत बसले.

त्या आठवड्यात पप्पांच्या मशीनवर निघालेलं कापड आता दुकानांत आलंय. झकास राणी रंग आहे. तुम्ही ती साडी उलगडाल, दारातल्या उजेडात नेऊन धराल आणि दुकानदाराला चांगल्या कडक आवाजात जाब विचाराल. विचारायलाच हवा, गिऱ्हाईक जागरूक असलं पाहिजे:

"काय हो, हिचा रंग आमच्या पायांना लागणार नाही ना?"