लोमटे सरांची पोटातली मशिनं

जेवणाचा डबा दुसऱ्या डब्यात, तो पिशवीत आणि ती पिशवी सॅकमध्ये घालून आणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल, तर पुण्याजवळ ताथवड्याला आमच्या कॉलेजात या. लोमटे सर भेटतील. मी त्यांच्याच लॅबमध्ये शिकवते.

सर मूळचे लातूरकडचे आणि जातिवंत भित्रे. लिफ्टला भितात, प्राचार्यांच्या बुटांच्या आवाजाला भितात. हेल्मेट जिना चढेपर्यंत काढत नाहीत. "छताचा काय भरवसा, मॅडम?"

लॅबही तशीच. खऱ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेला नकली संगणक चालतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सर त्याच्याही पोटात आणखी मशिनं चालवतात. प्रत्येक पोराला आपली वेगळी, नकली सर्व्हर रूम. तिथे काहीही मोडा. सगळं इतकं रखडत चालतं की पोरं म्हणतात, "सर, तोवर चहा मारून येतो."

कासारवाडीच्या स्नेहलने एकदा चुकीची कमांड दिली. सगळं पुसलं गेलं. पोरगी पांढरीफटक. "सर, पप्पांना बोलावणार?"

"भ्यायलीस कशाला, बाई? आतलं मेलंय, बाहेरचं जितं हाय." सरांनी एक बटण दाबलं, सगळं जागेवर. "आता परत पूस. ह्या बारीला मुद्दाम."

परवाच्या बैठकीत विभागप्रमुखांनी जाहीर केलं, "लोमटे, ती पोटातली मशिनं सोमवारपासून बंद. फार स्लो. पोरं थेट सर्व्हरवर बसतील. बिघडवलं, की प्रॅक्टिकलला नापास."

याला म्हणे शिस्त! ही दहशत आहे. मी भांडायला उठणार, तोच सर उठले. टेबल घट्ट धरून.

"साहेब, चाकणला कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागलो तवा पहिल्याच दिवशी खरं मशीन दिलतं. शेजारी माझाच रूममेट. त्यो माझं बघून शिकायलता. मला तरी कुठं येत होतं? हात त्याचा गेला."

विभागप्रमुख म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

सर खाली बसले. शर्ट घामाने चिंब. हळूच मला म्हणाले, "मॅडम, नोकरी जाईल का हो?"

बातमी लॅबमध्ये पोचलीय. कीबोर्डला हात लावण्याआधी पोरं आता एकमेकांकडे बघतात. सोमवार अजून यायचाय.

तुमचं मूल कुठल्याही कॉलेजात असो, उद्याच तिथल्या प्राचार्यांसमोर जाऊन बसा. विचारा, इथे पोरांनी चुकायचं कुठे? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.