पुढच्या सीटचा मान

जीप पुन्हा बंद पडली आणि बलभीमनं सगळ्यात आधी शेजारी बसलेल्या शरणप्पाच्या पायांकडं बघितलं.

“माझ्या पायात काय बघायलात?” शरणप्पा म्हणाला. गावात त्याचं किराणा दुकान होतं, आणि अंगानंही तो दुकानाएवढाच भरलेला होता.

“काही न्हाय. पाय कुठं ठिवलेत ते बघायलो.”

“खालीच ठिवलेत की. डोक्यावर घिऊ व्हय?”

शरणप्पा धुसफुसत उतरला आणि धक्का मारायला मागं गेला. त्यानं हात लावायच्या आधीच बलभीमनं किल्ली फिरवली, इंजिन गुरगुरलं आणि जीप पुढं सरकली. शरणप्पा रिकाम्या हवेला धक्का देऊन पडता पडता वाचला. बलभीमचे डोळे बारीक झाले. माणूस बसला की जीप बंद, माणूस उतरला की चालू! आता इथं संशय घ्यायचा नाही तर घ्यायचा कुठं?

तसं बलभीमला संशय घ्यायला कारण लागत नसे. त्याचा सगळ्यांवर विश्वास होता, फक्त माणसांवर नव्हता. दुधाच्या पातेल्याला तो आतून खूण करून ठेवी. फाटकाला रोज संध्याकाळी दोरा बांधी आणि सकाळी तुटलाय का बघी. दोरा रोज शेळी तोडायची, पण शेळीला कुणीतरी शिकवून पाठवतंय असं त्याचं ठाम मत होतं. बांधाच्या दाव्याची तारीख असली की घरी जीप असून तो धाराशिवला एसटीनं जाई. कोर्टाबाहेर जीप लावायची म्हणजे वकिलांच्या तोंडी देण्यासारखं, असं तो म्हणे.

ही जीप त्याच्या वडिलांची, आबांची. आबा गेले, आणि वर्ष सरायच्या आत जीपच्या इंजिनानंही राम म्हटलं. सगळे म्हणाले, भंगारात घाला. बलभीमचा जीव होईना. आबांनी त्याला मांडीवर बसवून ह्याच जीपचं स्टिअरिंग हातात दिलं होतं. मग धाराशिवच्या सिद्धलिंग मिस्त्रीनं एका अपघातातल्या गाडीचं नवंकोरं इंजिन आणून जीपमध्ये बसवलं. म्हातारीला तरणं काळीज बसलं. नव्या इंजिनाबरोबर त्याचा कंप्युटर आला, सेन्सर आले, आणि हाताच्या बोटांएवढ्या जाड वायरींचे जुडगे आले.

सोबत बलभीमच्या डोक्यात एक किडाही आला. त्याचा मेव्हणा इंद्रजित मूळचा मुरुमचा, पण धाराशिवला खताचं दुकान चालवायचा आणि बहिणीकडं सारखा यायचा. एकदा तो न विचारता जीप घेऊन गेला होता. तेव्हापासून बलभीमच्या मनात ते सलत होतं. जीप नवं इंजिन घेऊन घरी आली त्याच दुपारी त्यानं गोठ्याचं दार लावून घेतलं, कंप्युटरला करंट नेणारी वायर कापली आणि तिच्यात एक बटण घातलं. ते बटण बंद असलं की ब्रह्मदेव आला तरी जीप चालू होणार नाही. चोरस्विच म्हणतात त्याला. वायरींना पीळ दिला, वर टेप गुंडाळली आणि ते सगळं पुढच्या डाव्या सीटखाली लपवलं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर ते चोरस्विच कसलं?

शरणप्पाला दुकानाशी उतरवून बलभीमनं जीप तशीच सिद्धलिंगच्या गॅरेजला नेली. सिद्धलिंग काडीपैलवान, फुंकर मारली तर उडेल असा. त्यानं आधीच डिझेलचा फिल्टर बदलला होता, टाकी धुतली होती, एक सेन्सर नवा घातला होता. आज त्यानं स्कॅनर लावला आणि बराच वेळ पडद्याकडं बघत बसला.

“मालक, इंजिन ठणठणीत हाय. कंप्युटरचा करंट मधीच तुटायलाय. तुमी स्वतः कुठं वायर जोडली का?”

“म्या?” बलभीम उसळला. “म्या कशाला जोडू?”

“न्हाय, काही लोक चोरस्विच बसवतात. तसलं काही असंल तर सांगा.”

बलभीम सावध झाला. हा नेमकं चोरस्विचचंच कसं विचारतो? ह्याला कुणी पढवलं? “आबाची आन, काही जोडलं न्हाय,” त्यानं सांगून टाकलं आणि मनातल्या मनात आबांची माफी मागितली.

दोघं जीप घेऊन बार्शी नाक्यापर्यंत जाऊन आले. बलभीम चालवायला, सिद्धलिंग शेजारी. खड्ड्यातून नेली, गचके दिले. जीप एकदाही शिंकली नाही. “बघा,” सिद्धलिंग म्हणाला, “माझ्यासंगट कशी नीट चालायली.” बलभीमला हे वाक्य अजिबात आवडलं नाही. मिस्त्री बसला की चालते, बाकीचे बसले की बंद पडते. म्हणजे मिस्त्रीही कटात असणार.

चोरस्विचचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण ते काम त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं. स्वतःवरच संशय घ्यायचा? इतका काही बलभीम संशयी नव्हता.

त्यात डिझेलची भानगड होती. टाकीत तो काडी घालून डिझेल मोजून ठेवी. कोर्टाच्या तारखेहून परत आलं की काडी जास्त भिजायची! डिझेल कमी झालं तर चोरी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण वाढलं तर? कोण कशाला दुसऱ्याच्या टाकीत डिझेल ओतेल? बलभीमनं वास घेतला, बोटावर चोळलं, रॉकेल मिसळलं असेल म्हणून कापसावर जाळूनही बघितलं. डिझेल चोख निघालं. चोख निघालं म्हणून तर त्याची झोप उडाली.

इकडं कस्तुराबाईचा धीर संपला होता. भाच्याच्या लग्नात ऐन मुरुमच्या वेशीत, सगळं माहेर बघत असताना, नव्या लुगड्यात तिनं जीपला धक्का मारला होता. पुढच्या सीटवर तिचे चुलते बसले होते, ते उतरल्याबरोबर जीप चालू झाली, आणि बलभीमनं मांडवात सगळ्यांदेखत चुलत्यांना विचारलं होतं, “मामा, तुमी मधी काय केलं?” ते अजून तिच्याशी बोलत नव्हते.

रविवारी इंद्रजित आला तेव्हा तिनं विषय काढलाच.

“दाजी, मुरुमला एक गिऱ्हाईक हाय,” इंद्रजित चहा फुंकत म्हणाला. “हाय तशी घ्यायला तयार हाय.”

“बंद पडणारी जीप कोण घील?”

“हाय एक येडा.”

बलभीमला आता लख्ख दिसलं. गिऱ्हाईक ह्यानं आणलं, म्हणजे जीप बंद पाडणाराही हाच!

“अहो, लई झालं,” कस्तुराबाई म्हणाली. “उद्या श्रावणी सोमवार हाय. येडशीला रामलिंगाला जायचं आणि घरी यायचं. वाटंत एकदा जरी बंद पडली तर इंद्रजितच्या गिऱ्हाइकाला दिऊन टाकायची. न्हाय पडली तर म्या जन्मात पुन्हा नाव काढणार न्हाय. उचला बेलभंडारा.”

बलभीमनं देवासमोर बेलभंडारा उचलला. जीप गेली तर आबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं होणार होतं.

सोमवारी निघताना इंद्रजित सवयीनं पुढं बसायला गेला. मेव्हण्याचा मान पुढच्या सीटचा. बलभीमनं त्याला अडवलं. “तुमी मागं. कस्तुरा पुढं बसंल.” कस्तुराबाई चकित झाली, पण बसली. अंगानं ती चिपाडासारखी. जीप वाऱ्यासारखी निघाली आणि घाट उतरून थेट रामलिंगाच्या देवळापाशी थांबली. बलभीमनं देवाला नारळ फोडला. अर्धं खोबरं माकडानं पळवलं, तर त्यानं आधी इंद्रजितकडं बघितलं.

परतीच्या वेळी कस्तुराबाईनं पदर खोचला. “माझ्या माहेरचा माणूस मागं आणि म्या पुढं? अख्खी येडशी बघायली. लोक काय म्हणतील? इंद्रजित, बस पुढं.”

बेलभंडाऱ्याची शपथ पडली, पण बायकोपुढं काय चालतं? बलभीमनं अट घातली. “पुढं बसा, पर मांडी घालून. पाय सीटवर. हात डोक्यावर.”

“दाजी, म्या काय दरोडेखोर हाय व्हय?”

“ते घरी गेल्यावर कळंल.”

अंगानं भरलेला इंद्रजित मांडी घालून, दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला. रस्त्यानं जाणारे लोक वळून वळून बघत होते. एकानं तर नवस असेल म्हणून हात जोडले. हायवे सरला, गावचा फाटा आला, लिंबाआड घराचे पत्रे दिसायला लागले. बलभीमच्या जिवात जीव आला. तेवढ्यात पुढचं चाक खड्ड्यात आपटलं.

जीप बंद पडली.

“आई गं!” इंद्रजित जागच्या जागी उडाला.

“नाटकं करू नका!” बलभीम ओरडला आणि त्याच्याकडं वळला. मेव्हण्याचे हात डोक्यावर होते. पाय सीटवर होते. चोर म्हणावा तर पुरावा नाही, आणि जीप तर गेलीच. त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. “आबा,” तो म्हणाला, “मला न्हाय सांभाळता आली तुमची जीप. माफ करा मला.” आणि पन्नाशीचा बाप्या फाट्यावर लहान पोरासारखा रडायला लागला. मागं कस्तुराबाईनं डोळ्याला पदर लावला.

इंद्रजित खाली उतरला. बूड चोळत थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, “दाजी, रडू नका. माझ्याकडं कधी बंद पडली न्हाय ती.”

बलभीमनं डोकं वर केलं. “तुमच्याकडं म्हंजे?”

इंद्रजितनं जीभ चावली. पण आता काय उपयोग? त्यानं सीटची गादी उचलली. खाली पीळ दिलेल्या वायरींचा जोड सैल होऊन काळा पडला होता. “मला बुडाखाली चटका बसला तवा कळलं. गादीवर वजन आलं की तुमच्या चोरस्विचचा जोड सुटायलाय. माणूस उतरला की पुन्हा चिकटतंय.”

“चोरस्विच तुमाला कसं ठाऊक?”

“तुमी तारखेला गेला की म्या जीप नेत होतो. पहिल्यांदा चालूच होईना, तवा सीटखाली हुडकून काढलं. नाद लागला हो मला हिचा. एकटाच असायचो, ही सीट रिकामी. डिझेल मात्र जाळलं त्याच्यापेक्षा जास्त भरलं, खोटं बोलत न्हाय.” तो खाली मान घालून वायरी पिळायला लागला. “आणि ते मुरुमचं गिऱ्हाईक… म्याच.”

बलभीमचा चेहरा एकदम उजळला. “म्हंजे माझा संशय खरा होता! कस्तुरा, ऐकलं का? चोर हाच!” आनंदानं त्यानं मांडीवर थाप मारली. मग हळूहळू हिशोब लागत गेला. चोर हवा तेव्हा जीप नेत होता. शरणप्पा, चुलत सासरे, बायको, सगळे धक्के मारत होते. चोरस्विचनं आजवर अडवला तो एकटा मालक.

“तुमी गप्प बसला असता तर जीप तुमचीच झाली असती,” तो हळूच म्हणाला.

“झाली असती. पर तुमी आबाला हाक मारली की.”

बलभीमनं डोळे पुसले आणि उजव्या बाजूनं उतरला. “चालवा तुमी.” स्वतः तो डाव्या सीटवर बसला. जीप फाट्यापासून घरापर्यंत न शिंकता आली. शपथ मोडली की पाळली, ह्याचा विषयही कस्तुराबाईनं काढला नाही. घरी पोचताच बलभीमनं सगळ्यांसमोर चोरस्विच उपटून काढलं आणि वायर सरळ जोडून टाकली. इंद्रजितला म्हणाला, “जीप पाहिजे तवा न्या. फक्त सांगून न्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, कस्तुराबाई भाकरी थापत असताना, बलभीमनं गोठ्याचं दार हळूच लावून घेतलं. खिशातून तेच बटण काढलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, शेळीलाही बाहेर हाकललं. मग जीपखाली सरपटत जाऊन मागच्या बाजूला, कुणाच्या बापाला सापडणार नाही अशी जागा शोधली.

दाराच्या फटीतून कस्तुराबाईचा आवाज आला.

“अहो, तितं नका लावू. इंद्रजितचा हात पोचायचा न्हाय.”