लडके को गडबड है

माशाला पोहायचा आणि कोल्हापूरकराला हिंदीचा क्लास लावावा लागत नाही, असं धैर्यशील पोवारांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी घरात ठेवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण पहिलीपासून हिंदी सक्तीची होणार अशी बातमी आली, कळंब्यातल्या त्यांच्या गल्लीच्या मंडळानं तातडीची सभा लावली आणि धैर्यशीलराव कृती समितीचे अध्यक्ष झाले. (खुर्च्या त्यांच्याच अंगणात मांडल्या होत्या आणि ते नेमके मधल्या खुर्चीवर बसले होते, एवढंच त्या निवडीचं कारण.)

भाषण मात्र झकास झालं. लहान पोरांच्या पाठीवर आधीच दप्तर आहे, त्यात आणखी एका भाषेचं ओझं कशाला, असं ते म्हणाले. तिकडं उत्तरेत कुणाला मराठी सक्तीची केली आहे का, असंही त्यांनी विचारलं. दोन्ही मुद्दे बिनतोड होते, टाळ्या पडल्या. तिथंच थांबायचं सोडून त्यांनी तिसरा मुद्दा काढला. म्हणाले, "आणि मुळात आपल्याला हिंदी शिकवायची गरजच काय? ती आपल्या रक्तात हाय."

शेजारी स्कूटर गॅरेजवाला सिकंदर बसला होता. पहिलीपासून दोघं एका बाकावरचे. तो हळूच म्हणाला, "धैर्या, तू बोलतोस ती हिंदी न्हवं. ती मराठीच हाय, शेपटीला 'है' लावल्याली."

"मग तू घरात बोलतोस ती?"

"ती तर आणि येगळीच हाय. आमच्या अम्मीला उत्तरंत सोडली तर पाणी मागता मागता मरंल."

धैर्यशीलरावांनी ते हसण्यावारी नेलं. दूध संस्थेत हेडक्लार्क म्हणून नोकरी करताना त्यांनी राजस्थानच्या गवळ्यापासून पंजाबच्या ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांशी हिंदीत व्यवहार केला होता. (ती माणसं मान डोलवायची आणि मग कागदावर आकडा लिहून मागायची, ही गोष्ट वेगळी.)

त्याच महिन्यात त्यांच्या मुलानं, राजवर्धननं, पुण्याहून फोन करून सांगितलं की त्याच्याच कंपनीतली मोना चौरसिया त्याला आवडते आणि ती जबलपूरची आहे. मोनाला मराठी छान येत होती, पोरगी फोटोत हसरी होती, धैर्यशीलरावांच्या बायकोला, क्रांतीबाईंना, तर ती बघताक्षणी आवडली. अडचण तिच्या आईवडिलांची होती. एकुलती एक लेक, सासर इतकं लांब, भाषा परकी. नको म्हणत नव्हते, पण होही म्हणत नव्हते. धैर्यशीलरावांशी बोलून काय ते ठरवू, असा निरोप आला होता. म्हणजे पोराचं लग्न आता बापाच्या जिभेवर लटकलं होतं.

राजवर्धन म्हणाला, मी पण फोनवर असतो, अडलं तर सांगतो. धैर्यशीलरावांना ते लागलं. थोरल्यांच्या बोलण्यात दुभाषा कशाला, असं म्हणून त्यांनी एकट्यानंच फोन लावला.

सुरुवात चांगली झाली. चौरसियांनी पाऊसपाणी विचारलं, ऊस विचारला. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "भाईसाहब, लड़के में कोई ऐसी-वैसी बात तो नहीं है?"

"कुछ नहीं," धैर्यशीलराव म्हणाले. "सिर्फ लडके को गडबड है."

आता आपल्याकडं गडबड म्हणजे घाई, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एस.टी.ला गडबड असते, देवाच्या पालखीला असते, लग्नाळू पोराला तर असतेच. जबलपूरला मात्र गडबड म्हणजे कुठंतरी काहीतरी बिघडलेलं असतं.

"कैसी गड़बड़?" चौरसियांनी जपून विचारलं.

"बहुत गडबड. रात को सोता नहीं."

"कब से है?"

"खानदानी है. मेरे को भी थी. मेरे बाप को तो इतनी गडबड थी, कि बाशिंग घर पे भूल के बोहले पे खडे हो गये."

 मग चौरसियांनी अगदी हळू आवाजात विचारलं, की काही औषध वगैरे चालू आहे का. धैर्यशीलरावांना हा विनोद फार आवडला. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "इसका औषध एक ही है. शादी कर दो, गडबड खतम."

फोन ठेवून त्यांनी क्रांतीबाईंना सांगितलं, पाहुणा खूश झाला, आठवड्याच्या आत बघायला येतो म्हणाला. येतो म्हणाला हे खरंच होतं.

चौरसिया आणि त्यांच्या पत्नी सरोजजी मोनाला घेऊन आले, तेव्हा राजवर्धन दारात उभा होता. चौरसियांनी नमस्कार घेतला आणि त्याला नुसते बघत राहिले. मग म्हणाले, बेटा, जरा त्या गेटपर्यंत चालत जाऊन ये. राजवर्धन गेला, आला. सरोजजींनी त्याला बोटं मोजायला सांगितली. मग गावाचं नाव विचारलं, आजचा वार विचारला. ते बघून क्रांतीबाईंना आनंद झाला. इतकी वर्षं पोरींना चालून दाखवायला लावत होते, आता पोरांची पाळी आली, हे त्यांना फार न्याय्य वाटलं. मोनाला हसू आवरत नव्हतं. त्यांच्याकडं अशी पद्धत असेल म्हणून राजवर्धन निमूट चालत होता.

परीक्षेत पोरगा पास झाल्यासारखा दिसला. सरोजजींचा चेहरा सैल झाला. तिथं धैर्यशीलरावांनी दुसरी चूक केली. घरात हिंदी आणि मराठी दोन्ही नीट येणारी दोनच माणसं होती, त्या दोघांना त्यांनी रंकाळ्यावर फिरायला पाठवून दिलं. पोरं मागनं जेवतील, आधी आपण थोरली माणसं मोकळेपणानं बोलू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

क्रांतीबाईंनी पुरणाचा बेत केला होता. कटाच्या आमटीचा वास थेट सिकंदरच्या गॅरेजपर्यंत गेला होता. आत पाट मांडले होते, पण चौरसियांचे गुडघे बघून धैर्यशीलरावांनी त्यांना टेबलाकडं नेलं.

"आप इधर बैठिये. हम लोग सब खाली बैठते हैं."

"सब?" चौरसियांनी विचारलं.

"सब. आदत है. मैं नौकरी में था, तब भी खाली बैठता था. राजवर्धन का भी वही. पुणे से आया कि दिनभर खाली बैठेगा. शादी के बाद आपकी मोना भी खाली बैठेगी, देखना."

जमिनीवर बसून जेवण्यासारखी घरंदाज गोष्ट नाही, असा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर फुलला होता. चौरसियांनी मात्र बायकोकडं पाहिलं. जबलपूरला खाली बसणारा माणूस म्हणजे बिनकामाचा माणूस. बाप बिनकामाचा, मुलगा बिनकामाचा, आणि सुनेलाही नोकरी सोडवून त्याच रांगेत बसवणार. त्यांनी पोळीचा घास कसाबसा गिळला.

शेवटी बापाचं काळीज. मुलीची किंमत या लोकांना कळावी म्हणून चौरसिया खाकरले. "भाईसाहब, एक बात कह दूँ. हमने मोना को बहुत ऊँची शिक्षा दी है."

धैर्यशीलरावांचा हात आमटीच्या वाटीतच थांबला. एवढी गोड पोरगी. तिनं असा काय गुन्हा केला असेल? आणि शिक्षा, तीही उंच. त्यांच्या डोळ्यांसमोर छताचा हुक आला.

"कब से?" त्यांनी वाटी बाजूला सारून विचारलं.

"चार साल की थी, तब से," सरोजजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "बाहर भी दिलवाई, और घर में मैंने खुद दी. रोज़ शाम को, सामने बैठाकर."

धैर्यशीलरावांना भरून आलं. ते तापट असतील, बढाईखोर असतील, पण लेकराला मारलेलं त्यांना बघवत नसे. राजवर्धनला त्यांनी आयुष्यात एकदा चापट मारली होती आणि मग स्वतःच जेवले नव्हते. ते पाटावरून उठले आणि हात जोडून सरोजजींपुढं उभे राहिले.

"बहनजी, जो हुआ सो हुआ. लेकिन हमारे खानदान में आज तक एक भी बहू को शिक्षा नहीं दिया. मेरे माँ को नहीं दिया. मेरे बीवी को भी नहीं दिया. मोना को भी इस घर में कोई शिक्षा नहीं देगा. और कोई देने लगा, तो उसका हात तोड डालूँगा."

सरोजजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चौरसियांनी ताटातच हात धुतले, पोळी अर्धी तशीच होती. ते उठून बॅगेकडं गेले.

क्रांतीबाई तुपाचं भांडं घेऊन बाहेर आल्या आणि काय झालं म्हणून विचारलं. धैर्यशीलराव डोळे पुसत म्हणाले, "काय न्हाई. आनंदानं गहिवरल्यात."

आनंदानं गहिवरलेले पाहुणे चपला घालून अंगणात उभे होते, तेवढ्यात राजवर्धन आणि मोना परत आले. चौरसियांनी लेकीला एवढंच सांगितलं, की चल, स्टेशनला जायचं आहे.  तिनं वडिलांना बाजूला नेलं. मुलगा आजारी आहे, घर रिकामटेकडं आहे आणि शिकलेल्या सुनेची यांना ॲलर्जी आहे, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. राजवर्धन तिकडं बापाला विचारत होता, की नेमकं काय काय बोललास. धैर्यशीलरावांनी अभिमानानं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

मोनाला पहिल्यांदा हसू आलं ते गडबडीवर. खाली बसण्यावर ती अंगणातल्या पायरीवर बसली, आणि शिक्षेवर हसता हसता तिला बोलताच येईना. राजवर्धननंच मग दोन्हीकडची भाषांतरं केली. गडबड म्हणजे जल्दी. खाली म्हणजे नीचे. आणि तुमची शिक्षा म्हणजे आमचं शिक्षण, आमची शिक्षा म्हणजे तुमची सज़ा. चौरसियांनी सगळं ऐकलं, एकदा राजवर्धनकडं पाहिलं, एकदा गेटकडं पाहिलं, आणि पोट धरून हसायला लागले.

धैर्यशीलरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्यात कुंपणापलीकडून सिकंदरचं डोकं वर आलेलं होतं आणि ते सगळं ऐकत होतं.

सरोजजी मात्र हसल्या नाहीत. शब्दांचा घोटाळा कळला, पण आईच्या मनातली धाकधूक शब्दकोशानं जात नाही. तेव्हा क्रांतीबाई पुढं झाल्या. त्यांना हिंदीचं एक अक्षर येत नव्हतं आणि आपल्याला येतं असा त्यांचा दावाही नव्हता. त्यांनी सरोजजींचा हात धरला आणि कळंब्याच्या मराठीतच म्हणाल्या, "वहिनी, तुमची पोरगी शिकल्याली हाय, म्हणून तर आमच्या घरला पायजे. मला दहावीत असताना शाळा सोडाय लावली. आजून शाळंवरनं जाताना रडू येतंय मला."

राजवर्धन भाषांतर करायला पुढं सरकला, पण सरोजजींनी त्याला हातानं थांबवलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी चपला काढल्या, आत आल्या आणि या खेपेस टेबलाकडं न जाता क्रांतीबाईंच्या शेजारी पाटावर बसल्या. त्या दिवशी दोघी तासन्‌तास बोलत होत्या, एक बुंदेलीत आणि एक कोल्हापुरीत, आणि कुणाचंही कुठं अडलं नाही.

पुरणाची पोळी दुसऱ्यांदा वाढली, तेव्हा चौरसिया म्हणाले, "रिश्ता पक्का. मगर एक शर्त है. समधीजी को हिंदी सीखनी पड़ेगी. पहली कक्षा से."

कृती समितीचे अध्यक्ष ताठ झाले. पोराचं लग्न आपल्या जागी आणि तत्त्व आपल्या जागी. "सक्ती नहीं चलेगी," ते म्हणाले. "हमारा विरोध भाषा को नहीं है. सक्ती को है."

हे वाक्य मात्र पाहुण्यांना नीट समजलं. चौरसियांनी विचार केला. मग ते म्हणाले, बात ठीक आहे, सक्ती एकतर्फी नको. आम्ही दोघंही मराठी शिकू, आमच्यावरही तेवढीच सक्ती. राजवर्धन आम्हाला शिकवेल आणि मोना तुम्हाला. उत्तरेत कुणाला मराठी सक्तीची केली आहे का, असं भर सभेत विचारणाऱ्या माणसाला आता नाही म्हणायला तोंड उरलं नाही. त्यांनी मान डोलवली.

बातमी अर्थातच सिकंदरनं गल्लीभर केली. मंडळाची पुन्हा बैठक झाली. मुलांवर सक्ती नको, हा ठराव पहिल्यासारखाच कायम राहिला. अध्यक्षांवरची सक्ती घरगुती स्वरूपाची असल्यानं मंडळ त्यात पडणार नाही, असाही एक ठराव झाला. अनुमोदक सिकंदर.

लग्न थाटात पार पडलं. आता दर रविवारी सकाळी पोवारांच्या घराच्या पुढच्या सोप्यात व्हिडिओ कॉलवर शाळा भरते. तिकडं जबलपूरला चौरसिया 'ळ' म्हणायला जातात आणि जीभ चावून घेतात, इकडं धैर्यशीलराव 'ट्रक आती है' की 'आता है' यावर घाम पुसतात. परवा मोनानं त्यांना 'शिक्षा' या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. तिकडून चौरसियाही कान देऊन ऐकायला लागले. धैर्यशीलरावांनी बराच विचार केला आणि मग खोल श्वास घेऊन म्हणाले, "मुझे इस उमर में शिक्षा मिल रही है."

मोना म्हणाली, एकदम बरोबर. जबलपूरहून टाळ्या आल्या. धैर्यशीलरावांची छाती फुगली. त्यांनी स्वयंपाकघराकडं मान वळवून बायकोला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की हे वाक्य हिंदीत खरं आहे आणि मराठीतही खरं आहे.

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. क्रांतीबाई म्हणाल्या, "मी ऐकलं की. पहिल्यापासनं शेवटापातूर खरं बोललासा. लग्न झाल्यापासनं पयल्यांदाच."