दुबईचे सोनटक्के काका, मुक्काम क्लेमेंटी

आमच्या शेजारच्या सोनटक्के काकांपुढं तुम्ही नुसतं "आज गरम होतंय" एवढं म्हणून बघा. मी एकदाच म्हटलं. सिंगापुरात, क्लेमेंटीला नवीन आले होते, कडेवर माझा अंशू, हातात भाजीची पिशवी, अकराव्या मजल्याची लिफ्ट काही येईना आणि घामानं जीव नको झालेला. आपलं सहज तोंडातून गेलं. झालं! काका गर्रकन वळले.

"हे गरम? ह्याला गरम म्हणतेस? पोरी, आमच्या दुबईत जुलैमध्ये गार पाण्याचा नळ सोडला तर हात भाजतो. लोक उन्हाळ्यात गीझर बंद करून ठेवतात आणि त्यातलं साठलेलं पाणी गार पाणी म्हणून वापरतात. नोंद घे!"

"हॅ! काहीतरीच!"

मोठ्या माणसाला असं बोलू नये हे मला कळतं, पण मी ही अशी, घाबरले की डोक्याच्या आधी जीभ पळते. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटायला लागलं, तरी काका आपले माझ्याकडं बघत उभे. तेव्हा मला वाटायचं, इथं कुणी आपल्यावर नुसतं खोकलं तरी आपला इथं राहायचा पास रद्द होणार आणि पोलीस येऊन थेट विमानात बसवणार. पण काका हसले, अगदी बोळकं दिसेपर्यंत हसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हजर. "पोरी, सोनं देणारं मशीन ऐकलंयस? आपल्याकडं नोटा येतात ना मशिनमधून, तशी आमच्या दुबईत सोन्याची बिस्किटं येतात."

"काहीतरीच!"

खूश! जसा काही मी त्यांना शिरा वाढला.

काका दिसायला अगदी साधे. बुटके, पॅंट छातीपर्यंत ओढलेली, आणि ह्या घामाच्या देशात कायम हातात स्वेटर. का? तर आमच्या दुबईत बस-स्टॉपलासुद्धा एसी असतो, कुठं कधी थंडी वाजेल सांगता येत नाही. बोलणं तर असं मोठ्यानं, की खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीलाही उंटांच्या शर्यतीबद्दल सगळं माहीत असणार. उंटावर माणूस नाही बसत, छोटा रोबो बसतो, आणि मालक शेजारून गाडी पळवत पळवत बटण दाबून त्या रोबोकडून चाबूक मारवतो. हेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, काका, मग मधे उंट तरी खरा कशाला ठेवलाय?

सगळी हयात काकांनी तिकडं एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजण्यात घालवली. नोकरी संपली तसा व्हिसा संपला, सामान उचला आणि चला. मग मुलानं इथं आणलं. मुलगा मंदार चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बॅंकेच्या कॉम्प्युटरवर असतो. तो सकाळी जातो ते काळोख पडल्यावर येतो. सून काकांनी "आमच्या" म्हटलं की मिक्सर लावते. आणि नात रिया तर इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून तोंडावरच म्हणते, "आजोबा, नॉट अगेन, लाह!" म्हणजे घरातले कान सगळे संपलेले. त्यात मी आले, दहावी नापास, कुठं जाणं नाही येणं नाही, इंग्रजी ऐकलं की घाम फुटणारी. आयतं गिऱ्हाईक!

त्यांच्यामुळंच मला कळलं, की ही दुबई म्हणजे आधी नुसतं कोळ्यांचं गाव होतं. नाकाला चिमटा लावायचा, पायाला दगड बांधायचा आणि समुद्रात तळाशी जाऊन शिंपले काढायचे, त्यातून मोती. मग जपानी लोकांनी मोत्यांची शेतीच सुरू केली आणि ह्यांचा धंदा बसला. बसला म्हणजे पार बसला, लोक उपाशी. आणि मग म्हणे तिथल्या राजानं उसनवारी करून खाडीतला गाळ काढला, मोठ्या बोटी आत घेतल्या. हे सगळं तेल सापडायच्या आधी. आणि आपलाच रुपया चालायचा तिथं, आपला! "म्हणजे दुबई आपलीच, पोरी," असं काका म्हणाले, आणि खिडकीतून खाली क्लेमेंटीकडं असं बघितलं, की हे काय, हे तर लेकाचं कालचं पोर.

पण त्यांची खरी गंमत पत्त्याची. जुन्या दुबईत म्हणे घराला धड पत्ता नसायचा. टपाल जाणार पोस्टातल्या पेटीत आणि माणूस जाणार खुणांवर. पेट्रोल पंपाच्या मागं, मशिदीच्या डावीकडं, निळी पाण्याची टाकी, तिथून हाक मारा. ही सवय काका इथं घेऊन आले. इथं तर बिल्डिंगच्या अंगावर हे एवढे मोठे आकडे रंगवलेले असतात. काका त्यांच्याकडं ढुंकून बघत नाहीत. त्यांची खूण कोणती? तर खाली ड्युरियन विकणारा. त्या फळाचा वास आला की उजवीकडं वळायचं, दुसरी लिफ्ट, अकरावा मजला, दारात चपलांचा रॅक. एके दिवशी ड्युरियनचा हंगाम संपला. विकणारा गेला दुसऱ्या गल्लीत, आणि वासामागून काकाही गेले. दुसरी लिफ्ट, अकरावा मजला, चपलांचा रॅक, दार उघडं. आत जाऊन सोफ्यावर बसले, स्वेटर बाजूला ठेवला आणि "चहा टाक गं" म्हणाले. आतून एक चिनी मावशी आली. तुम्हाला वाटेल किंचाळली असेल. छे! तिनं चहा दिला. आणि काकांनी तिला काय दिलं असेल? दुबई! मंदार शोधत पोचला तेव्हा ती मावशी हाताची घडी घालून ऐकत होती. मराठी.

हसतेय मी, पण त्या दिवसांत माझं हसू वरवरचं होतं. अंशू दीड वर्षाचा झाला तरी एक शब्द बोलेना. हाक मारली तर बघेना. ताट पडलं तरी दचकेना. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "बोलेल गं, त्याचा बापही उशिराच बोलला." बापाला, म्हणजे आमच्या ह्यांना, तर माझ्याशी बोलायलाच वेळ नव्हता. तुआसला प्लांटमध्ये ड्यूटी, आले की झोप. मी पोरामागं उभी राहून टाळ्या वाजवायची, डबे वाजवायची, आणि तो आपला शांत, गाडीचं चाक फिरवत बसलेला. जो भेटेल तो विचारायचा, "अजून बोलत नाही?" एकट्या काकांनी कधी विचारलं नाही. ते आपले त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि सुरू. "अंशूशेठ, वाळवंटातली वाळू काही काँक्रीटला चालत नाही. फार गुळगुळीत. टॉवर बांधायला वाळू बाहेरून बोटीनं आणावी लागते. वाळवंटात वाळू विकत! नोंद घ्या." अंशू त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडं टक लावून बघायचा. बहुतेक तोच एक माणूस असा, की ज्यानं काकांना मधे कधी थांबवलं नाही.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्यांमागं पाणी साठलंय, छोटंसं ऑपरेशन करून बारीक नळ्या बसवू. पाण्यामुळंच असेल तर ऐकू येईल. मी त्यातलं 'असेल तर' तेवढं घट्ट धरून बसले.

ऑपरेशन नोव्हेनाच्या हॉस्पिटलात. आणि नेमकं ह्यांच्या प्लांटचं शटडाउन, म्हणजे मोठी दुरुस्ती, सुट्टी मिळेना, दुपारपर्यंत पोचतो म्हणाले. मी एकटी एमआरटीनं, ह्या इथल्या मेट्रोनं? मी तर त्या जिन्यावर पाय ठेवायलाही घाबरते, जिना आपला आपण चालतो! काका म्हणाले, "मी आहे ना. सिटी हॉलला गाडी बदलायची." कसं कळणार सिटी हॉल? "पाव भाजल्याचा वास येतो, तिथं." म्हटलं, देवा, आज ऑपरेशन राहतंय. पण पोचलो बाबा. दोनदा एकाच स्टेशनवर उतरून पोचलो. वाटेत दुबईच्या पोलिसांच्या स्पोर्ट्स गाड्या सांगून झाल्या, समुद्रात बांधलेलं ताडाच्या झाडाच्या आकाराचं बेट झालं. मी दर खेपेला "काहीतरीच!" म्हणत होते आणि अंशूला छातीशी आवळत होते.

मग नर्सनं त्याला माझ्याकडून घेतलं. तो रडला नाही, नुसता बघत गेला. दार बंद झालं.

आणि काका गप्प झाले.

आधी मला कळलंच नाही काय चुकतंय ते. मग लक्षात आलं, आवाज बंद झालाय. ते स्वेटर मांडीवर घेऊन त्या दाराकडं बघत बसलेले. मला धडकीच भरली. हा माणूस गप्प बसला म्हणजे नक्की काहीतरी वाईट होणार.

"काका, बोला ना. उंटांचं सांगा. काहीही सांगा."

"नको पोरी."

"अहो बोला हो, माझा जीव जाईल आता."

मग एकदम हळू, असा आवाज त्यांना काढता येतो हे मला माहीतच नव्हतं, म्हणाले, "आमच्या दुबईत बर्फ असतो. मॉलमध्ये. बाहेर भट्टी, आत बर्फाचा डोंगर. लोक कोट घालून घसरत येतात. तेव्हा नवीनच झालं होतं ते."

मी त्यांच्याकडं सरकून बसले.

"शुक्रवारी सुट्टी असायची. शुक्रवारी मी शालनला फोन करायचो. मंदारची आई. तिला काही कधी तिकडं नेता आलं नाही, बायकोला आणायला जेवढा पगार लागतो तेवढा माझा नव्हता. म्हणून मग दर शुक्रवारी दुबईतलं एक काहीतरी सांगायचं. आठवडाभर शोधत फिरायचो. लाइन खराब, ओरडून सांगावं लागायचं."

"मग? त्या काय म्हणायच्या?"

"विश्वास नाही ठेवायची. एकाही गोष्टीवर नाही. म्हणायची, काहीतरीच!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"त्या शुक्रवारी ती साताऱ्याला दवाखान्यात होती. मंदारनं फोन तिच्या कानाला धरलेला. मी बर्फाचं सांगितलं. ती काही बोलेना. मला वाटलं, लाइन खराब आहे. म्हणून मी आणखी मोठ्यानं. अगं शालन, बर्फ, वाळवंटात बर्फ! मंदारनं फोन काढून घेईपर्यंत सांगत होतो."

जे सुचू नये तेच मला सुचलं. विचारलं, "बर्फात गेला होतात तुम्ही?"

"काचेतून बघितला. सांगण्यापुरतं काचेतूनही दिसतं."

शिकलेल्या बाईनं काहीतरी चांगलं म्हटलं असतं. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडातून, काय सांगू, जीभच ती, निघालं ते हेच. "वाळवंटात बर्फ? हॅ! काहीतरीच!"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मग स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं. "खरं सांगतोय," म्हणाले. "नोंद घे." आणि तिथून ते जे सुरू झाले, ते दार उघडून नर्स बाहेर आली तरी थांबेनात. तिला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय, ही बाई हसतेय का रडतेय?

दुपारी हे धावत आले आणि आम्ही अंशूला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या मांडीवर, दाराकडं पाठ करून. मी टाळी वाजवली नव्हती, हाक मारली नव्हती. हिंमतच होत नव्हती. नाही बघितलं तर? एवढ्यात दारातून नेहमीच्या पट्टीत आलं, "पोरी, आमच्या दुबईत..."

अंशू वळला. अख्खा वळला. काकांकडं बघितलं, खालचा ओठ बाहेर आला, आणि दोन्ही कानांवर हात ठेवून असं भोकाड पसरलंन की बास!

"ऐकलं! त्यानं ऐकलं गं!" काका दारातच खाली बसले. हसतायत, डोळे पुसतायत. मागून रिया आली. "सी, आजोबा? बेबी ऑल्सो कान्ट टेक इट, लाह."

मी पोराला थोपटत होते, मला तर दिसतच नव्हतं धड. काका गुडघ्यांवर सरकत जवळ आले. आणि अगदी कुजबुजत म्हणाले, "अंशूशेठ, आमच्या दुबईत किनई, बर्फ असतो."

अंशूनं रडं थांबवलं. एका कानावरचा हात काढला. एकाच.