हरकत असलेल्या इसमाचा शोध

टोकियोच्या एदोगावा भागातल्या मराठी मंडळाचा साकुरा मेळावा, म्हणजे चेरीच्या बहराखालची पंगत, नदीकाठी दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला भरतो आणि त्यासाठी झाडाखालची जागा सकाळीच जाऊन धरावी लागते. जपानात याची रीत ठरलेली आहे. निळी ताडपत्री अंथरायची, तिच्यावर एक माणूस बसवायचा आणि बाकीच्यांनी दुपारी डबे घेऊन अवतरायचं. पूर्वी मंडळ या कामी नव्याने आलेल्या एखाद्या इंजिनिअरला बसवत असे. तो बिचारा अंग चोरून बसे आणि दुपारपर्यंत शेजारच्या कंपन्यांच्या ताडपत्र्या त्याच्या मांडीला येऊन टेकत. तीन वर्षांपासून हे काम बराका म्सुयाकडे आहे आणि तेव्हापासून मंडळाचं क्षेत्रफळ दुप्पट झालं आहे.

बराका टांझानियाचा. इंजिनिअरिंग पुण्यात शिकला, मराठी तिथेच उचलली आणि आता टोकियोत प्रसन्न बर्व्यांच्या टीममध्ये काम करतो. उंची सहा फुटांच्या वर, म्हणून मंडळात त्याचा बारक्या झाला. तो बसला की त्याच्या चहूबाजूंना चांगली ऐसपैस जागा आपोआप मोकळी राहते. कुणी काही बोलत नाही, वाकडं बघत नाही. लोक येतात, थबकतात, मान लववतात आणि पलीकडचं झाड बघतात. लोकल गाडीत त्याच्या शेजारची सीटही याच पद्धतीने रिकामी राहते. पहिल्या वर्षी त्याला याचा संताप यायचा. पुढे तो तिथे सॅक ठेवू लागला.

"तू म्हणजे मंडळाचा सातबारा आहेस रे!" मंडळाचे सचिव या नात्याने प्रसन्न त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, आणि कार्यकारिणीने तसा आभाराचा ठरावही केला होता.

या वर्षी मात्र बराका मनात एक काम घेऊन ताडपत्रीवर बसला होता. तो कंपनीच्या वसतिगृहात राहायचा आणि तिथे कुटुंबाला मनाई होती. बायको नीमा आणि चार वर्षांची झवादी यांची तिकिटं महिनाअखेरची निघाली होती. घर हवं होतं. एजंटांचे त्याच्यासमोरच घरमालकांना फोन लावून झाले होते. "हो, परदेशी. हो, जपानी छान बोलतात. नाही, अमेरिकेचे नाहीत, आफ्रिकेचे." मग फोन खाली ठेवून एजंट कमरेत वाकायचा. मालकांची हरकत नव्हती, पण बाकीच्या भाडेकरूंना सवय नव्हती. पुण्यातही असंच असायचं. तिथे फक्त नकार देण्याआधी "तुम्ही लोक नक्की खाता तरी काय?" एवढी चौकशी व्हायची. दोन्हीकडे शेवट एकच. नकार देणाऱ्याचा चेहरा पडायचा आणि समजूत बराकाला काढावी लागायची. बराकाचं मत असं की काळ्या माणसाला जगात कामं पुष्कळ असतात, पण त्यातलं सगळ्यात दमवणारं काम हेच. ज्याने दार लावलं त्यालाच बाहेरून धीर द्यायचा की तुम्ही फार चांगले आहात हो.

प्रसन्नने गुंतवणूक म्हणून घेतलेला स्टेशनजवळचा दुसरा फ्लॅट हिवाळ्यापासून रिकामा होता. बराकाचा डोळा त्या फ्लॅटवर होता.

दुपारी मंडळ अवतरलं. अळूवड्या निघाल्या, फुलांबरोबर फोटो निघाले. प्रसन्नच्या आई सरोजिनीबाई पुण्याहून आल्या होत्या. "सई, सावलीत ये गं, काळी पडशील!" त्यांनी नातीला हाक मारली. "दाइजोबू!" म्हणजे काही होत नाही, असं जपानीत ओरडून सई पळाली. सरोजिनीबाई लगेच बराकाकडे वळल्या. "तुला नाही हं बाळा. तू आपल्यातलाच."

"कळलं, काकू," बराका म्हणाला. "माझं पडून झालंय."

जेवणाआधी निषेधाचा ठराव होता. कधीकाळी फोडणीच्या वासाचं कारण काढून एका जपानी घरमालकाने प्रसन्नला घर नाकारलं होतं. ती जखम ते दरवर्षी साकुराखाली उघडून दाखवत. "कातडीच्या रंगावरून माणूस पारखणाऱ्या वृत्तीचा हे मंडळ तीव्र निषेध करत आहे!" ते गरजले. अनुमोदन देण्यासाठी बराकाला उभं केलं गेलं, कारण त्याने ठरावाला वजन येतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढा चांगला मुहूर्त पुन्हा मिळणार नाही असं वाटून बराका म्हणाला, "प्रसन्नदादा, नीमा आणि झवादी येतायत. तुमचा रिकामा फ्लॅट मला भाड्याने द्याल? भाडं तुम्ही म्हणाल ते."

प्रसन्नच्या हातातली अळूवडी हातातच राहिली.

"माझी काय हरकत असणार? वेडा आहेस का!" ते म्हणाले. "पण घरातले निर्णय स्वरूपा घेते."

स्वरूपावहिनींनी त्याचा हात हातात घेतला. "मला काहीच इश्यू नाही. तुमचं म्युझिक किती आवडतं मला! पण आईंचं वय झालंय रे. त्यांना विचारल्याशिवाय बरं दिसत नाही."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "माझी हरकत नाही हो. पण इमारत जपान्यांची. आपण पाहुणे. त्यांना चालायला नको का?"

म्हणून सोमवारी बराका त्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष ओगावा-सान यांना भेटला. निवृत्त, सभ्य गृहस्थ. त्यांनी चहा दिला, दोनदा मान लववली आणि सांगितलं की समितीची काडीची हरकत नाही. "पण चौथ्या मजल्यावर एक भारतीय कुटुंब आहे. शाकाहारी. त्यांच्या भावना दुखावल्या तर आम्हाला फार अपराधी वाटेल. आम्ही विविधतेचा आदर करतो."

चौथ्या मजल्यावर मंडळाचेच रविकांत देवधर राहत होते. "आमच्या भावना? अरे, छे!" ते दारातूनच म्हणाले. आतून कोंबडीच्या रश्श्याचा वास दरवळत होता. "आमचं काही नाही. पण इमारतीत फ्लॅटचे भाव असतात, बाबा. ते आमच्या हातात नसतात. तू प्रसन्नशीच बोल."

ज्या माणसापासून निघाला होता, फेरफटका मारून बराका त्याच्याच दाराशी आला होता. वाटेत सगळे भेटले, फक्त हरकत असलेला माणूस भेटला नव्हता. पुण्यात पाच वर्षं आणि टोकियोत चार वर्षं तो याच इसमाच्या मागावर होता. सगळे त्याला ओळखतात, सगळे त्याला घाबरून असतात, त्याच्या वतीने दारं लावतात, आणि त्याचा पत्ता मात्र कुणालाच ठाऊक नसतो.

पुढच्या शनिवारी मंडळाने भारतीय रेस्तराँमध्ये बराकाचा सत्कार ठेवला. सलग तीन वर्षं मोक्याची जागा धरल्याबद्दल. तिथे खास साकुरा थाळी होती. थाळी नेहमीचीच, श्रीखंड तेवढं गुलाबी. मॅनेजरने बराकाला पाहून मंडळाला आतली स्वतंत्र खोली दिली, जी एरवी मागूनही मिळत नाही. त्याबद्दलही त्याचे आभार मानण्यात आले. शाल झाली, श्रीफळ झालं. "बारक्या नसता तर या शहरात आपल्याला जागा नव्हती," असं प्रसन्न भाषणात म्हणाले आणि ते खरंच होतं.

श्रीखंड आलं तेव्हा बराकाने विचारलं, "दादा, मग फ्लॅटचं काय ठरलं?"

"हे बघ," प्रसन्न आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्यावर असतं तर आत्ता किल्ली काढून दिली असती. पण उद्या मी तो विकायला काढला तर घेणार कोण? आपल्यातलाच कुणीतरी. सुशिक्षित, चार पुस्तकं वाचणारा मराठी माणूस. इथे आधी कोण राहत होतं, असं त्याने विचारलं तर?"

"त्याची हरकत आहे?"

"नाही रे, तो चांगला मोकळ्या मनाचा असणार. पण..."

"कोण आहे तो? मी भेटतो त्याला."

"अरे, तो अजून यायचाय!" प्रसन्नचे डोळे पाणावले. "मला फार वाईट वाटतंय रे, बारक्या."

स्वरूपावहिनींनीही रुमाल काढला. टेबलाभोवती सगळे हात थांबवून बसले. आता बराका नेहमीप्रमाणे म्हणणार होता की असू द्या, मनाला लावून घेऊ नका. तेवढं झालं की सगळ्यांना श्रीखंड खाता येणार होतं.

"वाटायलाच हवं," बराका म्हणाला आणि शाल घडी करून ताटाशेजारी ठेवून निघून गेला.

हल्ली बारक्या तुसडा झालाय यावर मंडळाचं एकमत झालं. आपण एवढं केलं आणि त्याला किंमत नाही, असंही कुणीतरी बोललं. पुढच्या वर्षी जागा कोण धरणार, हा विषय मात्र पुढच्या सभेवर ढकलावा लागला.

नीमाची तिकिटं रद्द करावी लागली. नवी कधीची काढायची ते तिलाही कळेना. झवादीने फोनवर विचारलं, मी येईपर्यंत फुलं थांबतील ना? फुलं केव्हाच गळून नदीतून वाहून गेली होती. इतक्या वर्षांत बराकाला कुणाचा इतका राग आला नव्हता, आणि राग काढायला समोर कुणी नव्हतं.

म्हणून आता तो त्या यायच्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या शोधात आहे. वर्णन त्याला मिळालेलं आहे. मराठी. सुशिक्षित. वाचनाची आवड. मोकळ्या मनाचा. प्रसन्न बर्व्यासारख्या माणसांची गोष्ट वाचली की "काय ढोंगी आहेत एकेक!" म्हणून हसणारा. नावावर एखादा जास्तीचा फ्लॅट, पुण्यात म्हणा, ठाण्यात म्हणा, भाडेकरूच्या प्रतीक्षेत.

एक दिवस बराका तुमची बेल वाजवील. तुमची काही हरकत नाही, हे त्याला माहीत आहे. तुम्ही त्याला 'पण'च्या पुढचं तेवढं सांगा.