बंद दारामागची खडखड

दुपारची जेवणं आटोपली, सूनबाईने लिहायच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली आणि मिनिटभरात कीबोर्डची खडखड सुरू झाली. ती ऐकताच सासूबाईंचा ऊर भरून आला. त्यांनी रेडिओ बंद केला, गळक्या नळाखाली थेंब वाजू नयेत म्हणून फडकं ठेवलं आणि मुलाला दटावलं, "बाळ, चपला घासत चालू नकोस. ती लिहितेय."

चाळिशी ओलांडलेला बाळ चवड्यांवर चालत बाल्कनीत गेला.

सासूबाईंनी उभा जन्म शाळांचे गणवेश शिवण्यात घालवला होता. दुपारी पाठ टेकायची असते हे त्यांना फक्त ऐकून माहीत होतं. त्यात सून मिळाली तीही अशी. सकाळी विम्याच्या कचेरीत, दुपारपासून कादंबरीत. तिची दोन पुस्तकं छापून आली होती, ती सासूबाईंनी दोन-दोनदा वाचली होती आणि जिन्यात, दुकानात, दवाखान्यात, जिथे म्हणून कुणी थांबून ऐकेल तिथे सांगितलं होतं, "आमची सून दुपारची लवंडत नाही हो. अंथरूण म्हणजे काय, तिच्या पाठीला ठाऊक नाही."

तिसऱ्या कादंबरीचं गाडं मात्र रुतलं होतं. तिच्यातला म्हातारा घड्याळजी अकराव्या प्रकरणात मरायला हवा होता आणि तो काही केल्या मरत नव्हता.

"काय गं, गेला का?" सासूबाई रोज काळजीने विचारत.

"नाही ना आई. कालच्यापेक्षा आज जरा बराच वाटतोय," सून म्हणे. घड्याळजीची तब्येत सुधारत होती, पण तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं गडद होत चालली होती.

गेला आठवडाभर मात्र खडखड जोरात होती, आणि आज तर कमालच झाली. सासूबाईंनी दाराबाहेर स्टुलावर चहा ठेवला, तो निवून गेला. दुसरा ठेवला, त्यावर साय धरली. आतली खडखड एका लयीत चालूच.

एवढ्यात शेजारच्या टायपिंगबाई उसनी नेलेली कात्री परत करायला आल्या. त्यांनी कित्येक वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. सासूबाईंनी त्यांना ओठांवर बोट ठेवून दारापाशी नेलं. बाईंनी कान लावला.

"अहो, काय वेग आहे! आणि मागे जाऊन एक अक्षर खोडलं नाही."

"खोडायला आधी चुकायला हवं ना," सासूबाई म्हणाल्या.

"ते खरं. पण थांबत कशी नाही? माणूस मधेच नाक तरी खाजवतं." टायपिंगबाईंचा चेहरा गंभीर झाला. "माझ्या क्लासात एक जण असाच न थांबता बसला होता. बोटं वाकडी झाली ती झालीच. पुढे महिनाभर घास तोंडाऐवजी गालाला लागायचा."

सासूबाईंच्या अभिमानाचं पाणी झालं. "बाळ, तिला फोन लाव!"

बाळने फोन लावला. आतली खडखड थांबली. तिघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण फोन काही उचलला गेला नाही, आणि बाळने तो बंद करताक्षणी खडखड परत सुरू. त्याने पुन्हा लावला, पुन्हा थांबली. ठेवला, सुरू.

"दिसतोय तिला फोन," बाळ म्हणाला. "थांबते, पण उचलत नाही."

"काही बोलला होतास का सकाळी?"

"फक्त ‘येतो’ म्हणालो."

"कसं म्हणालास?"

बाळला आठवेना, आणि आठवेना म्हणजे काहीतरी नक्कीच वाईट म्हणाला असणार असं ठरलं. मग सासूबाईंनीच दारावर टकटक केली. "अगं, चहा!" उत्तर नाही. मूठ आपटली. "अगं ए, दार उघड!" बाळने दोन्ही तळहातांनी दार बडवलं. भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं, पण खडखडीत तसूभर फरक पडला नाही.

"झपाटलंय तिला," टायपिंगबाई कुजबुजल्या.

"तो घड्याळजीच असणार मेला!"

"कोण घड्याळजी?"

"मेला म्हणजे अजून मेलेला नाही. तीच तर पंचाईत आहे."

टायपिंगबाई दाराला पाठ न दाखवता दोन पावलं मागे सरकल्या.

बाळ धावत खाली गेला आणि कोपऱ्यावरच्या सुताराला हत्यारांसकट घेऊन आला. सुताराने दार वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या.

"तोडू की काढू?"

"काढा," सासूबाई म्हणाल्या. एवढ्या घाईतही त्यांनी पुढे जोडलं, "आणि जरा हलक्या हाताने. तंद्री मोडायला नको तिची."

स्क्रू निघाले. सुताराने आणि बाळने दार अलगद उचलून भिंतीला टेकवलं. चौघांनी आत डोकावलं.

कॉम्प्युटरवर खोळ घातलेली होती. टेबलावर छोट्या स्पीकरला जोडलेला फोन होता आणि त्या स्पीकरमधून, तोंड दाराकडे करून, धो धो कादंबरी लिहिली जात होती. कादंबरीकार स्वतः पलंगावर आडवी होती. दोन्ही कानांत कापसाचे बोळे, तोंड किंचित उघडं, एक पाय पलंगाबाहेर. इतकी गाढ झोप सासूबाईंनी तान्ह्या मुलांखेरीज कुणाची पाहिली नव्हती.

"रेकॉर्डिंग आहे, आई," बाळ हळूच म्हणाला. "फोन आला की आपोआप थांबतं."

टायपिंगबाईंनी कपाळाला हात लावला. "तरीच खोडत नव्हती!"

 सासूबाई सुनेच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. झोपेत तो किती लहान दिसत होता! पहिल्यांदा त्यांना वाटलं, केवढं डोकं चालतं पोरीचं. कापूस काय, स्पीकरचं तोंड काय! आणि मग, जरा वेळाने, दुसरी गोष्ट लक्षात आली. एवढा खटाटोप तिने कुणासाठी केला होता? आतून कडी तिने घातली होती खरी, पण तिला आत कोंडलं होतं ते जिन्यातल्या आणि दुकानातल्या त्या कौतुकाने.

त्यांनी मागे वळून हुकूम सोडला. "दार होतं तसं बसवा."

"आवाज न करता कसं बसवणार, आजी?"

"मग बसवू नका. नुसतं उभं करा."

सुताराने दार चौकटीत उभं केलं, हातानेच दोन स्क्रू पिळले आणि "उद्या येऊन पक्कं करतो" असं सांगून तो पाय न वाजवता निघून गेला. टायपिंगबाईंना घरी जायला हरकत नव्हती, पण आता जाणं त्यांच्या जिवावर आलं. तिघं बाहेरच्या खोलीत काहीच न घडल्यासारखी बसली. आतापर्यंत कुणीच इतकं काहीच न घडल्यासारखं बसलं नसेल.

दिवेलागणीला खडखड थांबली. एक लांबलचक जांभई ऐकू आली. कडी निघाली, सूनबाईने दार बाहेर ढकललं, आणि अख्खं दार चौकटीतून सुटून तिच्या हातात आलं. दोन्ही हातांनी ते कवटाळून ती उंबरठ्यात उभी राहिली. कानात अजून कापूस होता, त्यामुळे ती जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "आज पुष्कळ लिहून झालं!"

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही ऐकलं. बाळ, दार धर तिचं."

दार भिंतीला लागलं. सूनबाईने कानांतला कापूस काढला, सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, निघालेल्या बिजागऱ्यांकडे पाहिलं आणि ती मटकन स्टुलावर बसली. नशीब, चहा आधीच उचलला होता.

"आई, मी लिहीत नव्हते."

"माहीत आहे."

"आठवडाभर."

"ते नव्हतं माहीत," सासूबाईंनी कबूल केलं.

"डोकंच चालत नव्हतं हो. नुसतं झोपावंसं वाटायचं. पण तुम्ही नळाखाली फडकं ठेवता, हे चवड्यांवर चालतात... मग मी लोळायचं कुठल्या तोंडाने?" तिचे डोळे भरून आले. "निजले तरी चोरी केल्यासारखं वाटतं."

सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "चुकलंच माझं. कौतुक जरा अंगाला घट्ट शिवलं गेलं. उसवते थोडं."

सूनबाई रडता रडता हसली. टायपिंगबाईंनी मात्र खरंच रडून घेतलं.

सुताराचा ‘उद्या’ सुतारासारखाच निघाला. तीन दिवस झाले तरी त्याचा पत्ता नव्हता आणि खोलीला दार नव्हतं, त्यामुळे सूनबाईला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झोपावं लागलं. पहिल्या दिवशी ती हातात पेन धरूनच आडवी झाली. सासूबाईंनी येऊन ते हळूच काढून घेतलं. "टोचेल." दुसऱ्या दिवशी पेन नव्हतं.

जिन्यातही आता वेगळंच ऐकू येऊ लागलं. "आमची सून काय सुरेख झोपते हो! पडली की लागते. लिहिणाऱ्याची झोप आहे ती, येरागबाळ्याचं काम नाही."

तिसऱ्या दिवशी सूनबाई झोपेतून उठली ती थेट सासूबाईंकडे आली. "आई, तो मरत नाहीये, कारण त्याला मरायचंच नाहीये! दुकान बंद करून तो बहिणीकडे राहायला जातो."

"सुटले गं बाई," सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. "घोर लागला होता जिवाला."

त्या संध्याकाळी खरी खडखड ऐकू आली. ती अडखळत होती, थांबत होती, मागे जाऊन खोडत होती. सासूबाईंना ती जास्त आवडली. रेडिओ मात्र त्यांनी चालूच ठेवला.

"आई, तुम्हीही जरा पाठ टेका ना," सून चौथ्या दिवशी दुपारी म्हणाली.

"छे! मला नाही सवय." तरीही सतरंजी नीट पडलीये का, एवढं बघण्यापुरत्या त्या आडव्या झाल्या.

नेमका तेव्हाच सुतार हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला. पलंगावर सून, खाली सतरंजीवर सासूबाई, आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून बाळ. सुतार बिचकून चौकटीतच थांबला.

"आजी, दार बसवायचं ना?"

सासूबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"संध्याकाळी या हो. आत्ता आम्ही लिहितोय."