होता होता राहिलेलं

आमच्या जानेफळात शेजारीण भेटली की "जेवण झालं का?" असं विचारते. माझ्या शेजारच्या रुख्माकाकू विचारतात, "काय वं, आज काय होता होता राह्यलं?"

पाय घसरता घसरता राहिला, विंचू चावता चावता राहिला, असलं काहीतरी त्यांना रोज लागतं. "काही नाही" म्हटलेलं खपत नाही. "काहीच नाही? मंग ध्यान कुठी होतं तुयं?" सांगितलं तर आणखी पंचाईत. सकाळी न्हाणीत घसरता घसरता राहिले असं मी काकूंना सांगितलं आणि दुपारी दुकानदारानं साबणाबरोबर फरशी घासायची पावडर दिली, न मागता. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवालाच गाठलं. मी तोंड लपवलं. नवरदेव भाबडा, मांडवाचा खांब हलतो म्हणाला. काकूंनी पंगत थांबवून खांब ठोकून घेतला.

आम्ही हसायचो. पण सोयाबीनच्या हंगामात मळणीच्या मजुरीला गेलेल्या शोभाचा पदर थ्रेशरच्या पट्ट्यात ओढला गेला. पदर फाटला म्हणून ती वाचली. "कोणाले सांगू नका, मले कामावर घेणार नाहीत," म्हणून काकूंपुढे रडायला लागली. काकू तडक शेतात गेल्या आणि यंत्रासमोर मांडी घालून बसल्या. मालक तापला, बाया पदर नीट खोचत नाहीत म्हणाला.

"आज पदर गेला, उद्या बाई जाईन. पट्ट्यावर जाळी बसव, मंग उठीन."

तेव्हा दुसरी एक बाई हळूच म्हणाली, मागच्या आठवड्यात माझीही बांगडी अडकली होती. जाळी बसली आणि शोभाही कामावर राहिली.

गेल्या महिन्यात मी ताक द्यायला गेले, तर काकूंच्या पदराची कड जळालेली. "ठिणगी उडाली असंन," म्हणत त्यांनी पदर लपवला. मला रागच आला. साऱ्या गावाची उलटतपासणी घेणारी बाई! मी तिथेच बसून राहिले. शेवटी बोलल्या. गॅसपाशी चक्कर येऊन पडल्या होत्या.

"पोराले सांगू नको. तो पुण्याले नेईन मले. तिथं दार लावून बसतात सारे. कोणाशी बोलू मी?"

नाही सांगणार, म्हणून मी मान हलवली. त्या जळकी कड चोळत राहिल्या.

"यायच्या, तुया काकाच्या, सदऱ्याची बाही फाटली होती. खिळ्याले अडकली म्हणे. म्या शिवून देली. थ्रेशरनं ओढली होती, हे मले मजुराईनं मागून सांगतलं."

मागून म्हणजे काका गेल्यावर. ते थ्रेशरमध्ये सापडून गेले हे गावाला माहीत आहे. बाहीचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी घाबरीन म्हणून बोलले नाहीत," काकू म्हणाल्या.

मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. "लाव फोन," म्हणाल्या.

मुलगा फोनवर आला तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. आवाज मात्र खणखणीत होता.

"बाप्पू, मी पडली होती. पहिले सारं ऐकून घे. मंग न्यायचं तं ने."